घराची जागा आणि वणव्याची वाट

आमचा पुतण्या ऑस्ट्रेलियांत, मेलबर्न शहरानजीक, नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. गेल्या वर्षीं तेथील डोंगराळ भागांत घर बांधण्याचें ठरल्यावर त्यानें रीतीप्रमाणें वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारला. 'उंचावरची, झाडीलगतची जागा घ्यावी. हवा व सृष्टिशोभा दोन्ही साधतात,' असें आम्हीं मोठ्या अधिकारवाणीनें कळविलें. हा सल्ला किती घातक होता, तें तेथील तज्ज्ञाच्या अहवालावरून कळलें.

व्हिक्टोरिया राज्यांतील वणवा म्हणजे आपल्या माळावरचें गवत पेटणें नव्हे. निलगिरीच्या पानांत तेल असतें, कित्येक जातींच्या सालींचे लांब पापुद्रे झाडावर लोंबत असतात, आणि उन्हाळा कोरडा असतो. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं भडकलेल्या वणव्यांत तेथें १७३ माणसें दगावलीं व दोन हजारांहून अधिक घरें जळालीं. म्हणून वणव्याचें भय असलेल्या क्षेत्रांत घर बांधण्यापूर्वीं जागेची परीक्षा करावी लागते.

ही परीक्षा ३९५९ क्रमांकाच्या ऑस्ट्रेलियन मानकाप्रमाणें होते. परीक्षक चार गोष्टी पाहतो: त्या प्रदेशाचें हवामान, १०० मीटरांच्या आंत कोणत्या प्रकारची झाडी आहे, ती घरापासून किती दूर आहे, आणि तिच्याखालील जमिनीचा उतार किती आहे. यांवरून घरास किती धग सोसावी लागेल, हें ठरवितात. धगीच्या सहा पायऱ्या आहेत. पहिली जवळजवळ निर्धास्त. पुढील चार दर चौरस मीटरास १२.५, १९, २९ व ४० किलोवॅटपर्यंतच्या. आणि शेवटची, जेथें ज्वालाच घरास भिडतात.

पुतण्यानें घराची आंखणी अरण्याच्या कडेपासून ३० मीटरांवर केली होती. जमीन सपाट असती, तर तें २९ च्या पायरीवर बसलें असतें. कारण सपाटीवर ज्वालांची पायरी १९ मीटरांवरच संपते. परंतु अरण्य घराच्या खालच्या अंगास, १० ते १५ अंशांच्या उतारावर होतें, आणि अशा उतारावर तीच मर्यादा ३८ मीटरांपर्यंत जाते. आग चढणीवर धांवते. चढ १० अंशांनीं वाढला कीं तिचा वेग सुमारें दुप्पट होतो, कारण वरची झाडी ज्वालांच्या धगीनें आधींच सुकून तापलेली असते. चैत्रांत डोंगर चढणारे वणवे आम्हीं कोंकणांत लहानपणीं पाहिले होते. अमरकोश शिकवितांना 'दव' या एकाच शब्दाचे अरण्य व अरण्यांतील अग्नि असे दोन्ही अर्थ मुलांकडून घोकूनहि घेतले होते. सल्ला देतांना मात्र यांतलें कांहींच आठवलें नाहीं, याची लाज वाटते.

अखेर घर रस्त्याच्या बाजूस, अरण्यापासून ६५ मीटरांवर घेतलें, आणि पायरी १९ वर आली. दरीचा देखावा गेला, म्हणून सूनबाई कांहीं दिवस हिरमुसल्या होत्या. तथापि एवढ्यानें भय संपलें असें नव्हे. कित्येक घरें ज्वालांनीं नव्हे, तर वाऱ्यावर उडून येणाऱ्या ठिणग्यांनीं पेटतात. यास्तव झरोक्यांस २ मिलिमीटरांहून मोठीं भोकें नसलेली धातूची जाळी लावली आहे, आणि उन्हाळ्यापूर्वीं पन्हळींतील पाला काढण्याचें काम नातवंडांकडे नव्हे, पुतण्याकडेच आहे.

जागेची दिशा, पाणी व शेजार पाहण्याची आपली रीत चांगलीच आहे. परंतु मुलें परमुलुखांत घरें बांधूं लागलीं असतां, तेथील अग्नि कोणत्या वाटेनें येतो, हें वडिलांनीं आधीं विचारावें आणि मगच सल्ला द्यावा.