पायलटचा पगार, दाजींची जमीन आणि 70 तासांचा हिशेब

मागच्या व्हिडिओत फिक्स्ड आणि व्हेरिएबल खर्चाबद्दल बोलताना मी पायलट लोकांचं उदाहरण सुरू केलं आणि वेळ संपली म्हणून अर्ध्यावर सोडलं. आज ते पूर्ण करतो. खरं सांगायचं तर हा विषय माझ्या डोक्यात आला तो घरातूनच.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दाजी राहात्याला माझ्या दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत सातबारा. माझा भाचा बारावी सायन्सला आहे आणि त्याला पायलट व्हायचंय. आमच्याकडे काकडीला विमानतळ झाल्यापासून (1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाला, शिर्डीचा म्हणतात तो हाच) बऱ्याच पोरांना हे वेड लागलंय. शेताच्या वरून विमान उतरताना रोज दिसतं म्हटल्यावर लागणारच. दाजींनी चौकशी केलेली. लायसन्सचा खर्च साठ-सत्तर लाख सांगितला होता आणि वर एका ठरावीक विमानाचं ट्रेनिंग, त्याचे वीसेक लाख वेगळे.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही लोकांना धंदा शिकवता. एक एकर विकतो, बाकीचं कर्ज काढतो. पोरगं एकदा पायलट झालं की लाईफ सेट. बरोबर ना?"

मी म्हणालो, "दाजी, मला आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत जे वाचलं आणि जो हिशेब केला, तो हा.

जेट एअरवेजपासून सुरू करू. 1993 साली सुरू झालेली, मुंबईची, एकेकाळी देशातली एक नंबरची खाजगी कंपनी. 2019 च्या जानेवारीपासून पायलटांचे पगार थकले. मार्चमध्ये त्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्र्यांना पत्र लिहिलं की आमची माणसं प्रचंड ताणात विमान चालवतायत. 17 एप्रिल 2019 ला शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि कंपनी बंद. पुढे पाच वर्षं कोर्टकचेरी झाली आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने कंपनी लिक्विडेशनमध्ये काढायचा आदेश दिला. कामगारांची थकबाकी तोपर्यंत लोंबकळतच होती.

आता इथे एक गोष्ट बघा, जी मला स्वतःला माहीत नव्हती. मला वाटायचं, पायलट म्हणजे ड्रायव्हरसारखं. एक गाडी चालवता आली की दुसरी पण येते. तसं नसतं. लायसन्सवर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. जेटकडे मुख्यतः बोइंग 737 होती. देशातली सगळ्यात मोठी कंपनी इंडिगो, तिच्याकडे एअरबस. म्हणजे वीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टन सुद्धा उद्या सकाळी इंडिगोच्या विमानात बसू शकत नाही, आधी नवीन ट्रेनिंग. 737 असलेल्या दोनच मोठ्या जागा उरल्या, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेस. माणसं खूप, जागा थोड्या. बरेच जण आधीपेक्षा कमी पगारावर गेले.

आमच्या राहात्याच्या मार्केटला डाळिंब घेऊन जाणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. बोली लावायला दोनच व्यापारी असले की मालाची क्वालिटी कोण विचारतो?

मग आला कोविड. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर. इंडिगोने पायलटांची 15 टक्के कपात मार्चमध्ये जाहीर केली, मध्ये मागे घेतली, मे पासून लावली आणि जुलैमध्ये ती 28 टक्क्यांवर नेली. वर बिनपगारी सुट्टी. स्पाइसजेटने एप्रिल-मेचा पगार मिळणार नाही असं कळवलं, फक्त मालवाहू विमान उडवणाऱ्यांना उडवलेल्या तासांप्रमाणे पैसे. हे वाक्य लक्षात ठेवा, परत येतो याच्यावर.

सगळ्यात शिकण्यासारखी केस एअर इंडियाची. तिथे पायलटच्या पगारात मोठा भाग फ्लाइंग अलाउन्सचा असायचा, आणि त्यात महिन्याला 70 तासांची हमी होती. विमान 50 तास उडवलं तरी पैसे 70 तासांचे. 2020 मध्ये ही हमी 20 तासांवर आली. 2023 च्या एप्रिलमध्ये, टाटांनी कंपनी घेतल्यावर, ती 40 झाली. कंपनी म्हणाली दुप्पट केली, पायलट म्हणाले 70 चं काय झालं. दोघंही खरं बोलत होते! नंतर विस्ताराच्या पायलटांना, विलीनीकरणाच्या आधी, तोच 40 तासांचा करार आला. त्यांच्याकडे 70 होते. 2024 च्या एप्रिलमध्ये इतके पायलट कामावर आले नाहीत की कंपनीला रोजची 25 ते 30 उड्डाणं कमी करावी लागली.

70 वरून 40 म्हणजे हमीचा भाग साधारण 43 टक्क्यांनी कमी. जास्त उडवलं तर जास्त मिळेल, हे बरोबर आहे. पण पायलट मनाला येईल तितकं उडवू शकत नाही. वर्षाला 1000 तासांची सरकारी मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला सरासरी 83. मी दिवाळीत रात्री अकरापर्यंत शटर उघडं ठेवतो, त्याला ती सोय नाही. आणि किती उडवायचं ते रोस्टर ठरवतं, तो नाही.

घराचा हप्ता मात्र 70 तास धरून काढलेला असतो. शाळेची फी पण, गाडी पण. मित्रांनो, पगार मोठा होता म्हणून हे लोक वाचले नाहीत, उलट पगार मोठा म्हणून बँकेने हप्ताही मोठा दिला.

मी हसत नाहीये त्यांना, कारण मी हेच केलं होतं. 2020 च्या जानेवारीत मी छोटा हत्ती घेतला, 11,800 रुपये हप्ता. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान, आणि तेव्हा सत्तर टक्के माल शिर्डीच्या हॉटेल-लॉजला जायचा. गिझर, पंखे, एलईडी, वर्षभर काही ना काही चालूच. नाताळ ते नवीन वर्ष हा आमचा सिझन. मी हप्ता काढला तो डिसेंबरचा गल्ला बघून. 17 मार्चला मंदिर बंद झालं, ते उघडलं नोव्हेंबरात. हॉटेलं बंद, नवीन ऑर्डर शून्य, आणि एका लॉजवाल्याकडे 3 लाख 40 हजार उधारी अडकलेली. दोन पोरांचा पगार, भाडं, हप्ता, सगळं चालू. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, ती मी घेतली, आणि व्याज चढत राहिलं ते नंतर कळलं. बीबीए केलेल्या माणसाला नंतर कळलं, हे लिहून ठेवतो.

वाचवलं कोणी? शेतीच्या मोटारींनी. स्टार्टर, केबल, मोटार रिवाइंडिंग. हे काम मी आधी 'किरकोळ' म्हणून कोपऱ्यात ठेवलं होतं. आता ते स्पाइसजेटचं वाक्य आठवा: माल उडवणाऱ्याला पैसे मिळाले. प्रवासी थांबले, माल थांबला नाही. माझं तेच झालं, फक्त मी जमिनीवर होतो.

अमेरिकेतलं एक उदाहरण दाजींना फार आवडलं. 15 जानेवारी 2009 ला कॅप्टन सलेनबर्गरने इंजिन बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवलं, 155 च्या 155 माणसं वाचली. पुढच्याच महिन्यात त्याने तिथल्या संसदेच्या समितीसमोर सांगितलं की माझा पगार 40 टक्के कापला गेलाय आणि पेन्शन गेली. जगाने डोक्यावर घेतलेला माणूस! पण त्याने अपघाताच्या आधीच सुरक्षिततेचा सल्ला देणारी स्वतःची छोटी फर्म काढलेली होती. विमान नदीवर उतरवणं आपल्याला जमणार नाही, हे दुसरं जमू शकतं.

तर मग भाच्याला नाही म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. एअर इंडियाने 2023 मध्ये 470 विमानांची ऑर्डर दिली, इंडिगोने त्याच वर्षी 500 ची. पायलट लागणारच आहेत. पण ऑर्डर दिलेलं विमान यायला वर्षं लागतात आणि बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतो.

आठव्या दिवशी मी दाजींकडे गेलो, वहीच्या एका पानावर हिशेब घेऊन. लायसन्स मिळाल्यावर दीड वर्ष नोकरी नाही असं धरलं. त्या काळात हप्ता कोण भरणार? उसाचं पेमेंट कारखान्यावर अवलंबून. दुधाचं दर दहा दिवसाला येतं, गोठ्यात सहा गाई. त्या गाईंवर किती हप्ता झेपतो तेवढंच कर्ज, असं मी मांडलं. आणि नोकरी लागल्यावरही पहिली काही वर्षं घरखर्च हमीच्या तासांवरच बसवायचा, 20 धरून. वरचे येतील ते वेगळ्या खात्यात. ट्रेनिंगची फी एकरकमी भरायची नाही, टप्प्याटप्प्याने. बारामती, धुळे, गोंदिया, तिन्ही ठिकाणी जाऊन बघायचं, विमानं किती चालू अवस्थेत आहेत आणि विद्यार्थी किती, हे तिथल्या पोरांनाच विचारायचं.

आणि सगळ्यात आधी मेडिकल. डोळे, कान, हृदय, यात काही निघालं तर लायसन्सच नाही. लोक आधी जमीन विकतात, नंतर मेडिकलला जातात. ह्याला काय म्हणावं!

ताई इतका वेळ चहाची कपबशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे गाई विकायच्या नाहीत, एवढं तरी ठरलं ना?" दाजींनी मान डोलावली.

भाच्याचं मेडिकल पुढच्या महिन्यात आहे. सातबारा अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलाय, दाजींनी परत मागितला नाही.