पडलेल्या झाडाच्या फळ्या पाडायचे मशीन

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या बाजूला बागाच्या बागा आडव्या झाल्या. महाड तालुक्यातही झाडे पडली. आंबे पडले, फणस पडले. आजोबांनी लावलेले झाड एका दुपारी मुळासकट बाहेर आले. वर पाऊस तोंडावर होता. अशा झाडाचे करायचे काय?

झाड आडवे झाले की पहिला भाव येतो तो सरपणाचा. पण चांगल्या बुंध्यात घराची दारे असतात, चौकटी असतात, पलंग असतो. ते सगळे चुलीत घालायचे का?

आता अडचण बघा. दासगाव सावित्रीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. रस्त्याकडेला पडलेले झाड गाडीत घालून आरागिरणीला नेता येते. पण वरच्या वाड्यांचे काय? दहा फूट लांब आणि अडीच फूट जाड असा आंब्याचा ओला ओंडका टनाहून जड भरतो. पायवाटेने तो खाली कोण आणणार? फळी मात्र दोन माणसे खांद्यावर आणतात. म्हणून ओंडका गिरणीकडे न नेता करवतच ओंडक्याकडे न्यायची.

ही रीत नवी नाही. पूर्वी करवतवाले जोडीने येत. ओंडका उंच घोडीवर चढवत. गेरूच्या दोरीने सूत मारत. एक जण वर उभा, दुसरा खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. दिवसभरात थोड्याच फळ्या निघत, पण सरळ निघत. ती जोडी आता सहसा मिळत नाही. तिच्या जागी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आली आहे. कोणी तिला चेन-सॉ म्हणतात, कोणी नुसते कटर म्हणतात. आम्ही इथे मशीन म्हणू.

मशीन घेताना लोक किंमत आधी विचारतात. आमचे म्हणणे असे, की आधी ओंडका मोजा. का, ते समजून घेऊ.

फांदी आडवी तोडणे वेगळे आणि ओंडका उभा चिरणे वेगळे. सुताराला विचारा. रंधा फळीच्या अंगावर सरसर चालतो. तोच रंधा फळीच्या टोकावर मारला तर अडखळतो. टोकाला लाकडाचे सगळे धागे उभे सामोरे येतात ना! फळ्या पाडताना मशीनचा प्रत्येक दात अशाच धाग्यांच्या टोकांवर चालतो. फांदी तोडायला अर्धे मिनिट लागते. दहा फुटांचा काप पुरा व्हायला कित्येक मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ इंजिन पुऱ्या जोराने ओढत राहते. बैलाला चढावर भरली गाडी न थांबता ओढायला लावावी, तसे हे आहे. लहान बैल बसतो. लहान इंजिन तापते आणि आतले पिस्टन चिकटते.

इंजिन केवढे हे सी.सी. या मापाने कळते. बाजारात 58 सी.सी.ची स्वस्त मशिने सगळीकडे दिसतात. फांद्या तोडायला, सरपण करायला ती ठीक आहेत. दोन फुटांच्या फणसाच्या फळ्या पाडायला घ्याल तर पैसे गेले असे समजा. विकणारा 'सगळं कापतं' म्हणेल. कापते, पण किती दिवस?

फूटभर जाडीच्या ओंडक्याला 60 ते 70 सी.सी. चालते. दीड-दोन फुटांना 70 ते 90 लागते. त्याहून जाड ओंडका असेल तर 90 च्या खाली जाऊ नये. तीन फुटांचा बुंधा, त्यातही ऐनासारखे कठीण लाकूड असेल तर 120 सी.सी.चे मशीन हवे. जर्मनीची श्टिल आणि स्वीडनची हुस्क्वार्ना या कंपन्यांनी एवढी मोठी मशिने केली आहेत. श्टिलचे 881 नंबरचे मशीन सुमारे 122 सी.सी.चे आहे. बार आणि चेन सोडून त्याचे वजन दहा किलोच्या आसपास भरते. पण नंबर पाठ करू नका. कंपन्या नंबर बदलतात. सी.सी. बघा, आणि सुटे भाग जवळ कुठे मिळतात ते बघा. सुट्या भागासाठी महिना महिना थांबावे लागले तर मोठे मशीनही कोपऱ्यात पडून राहते.

आता बार. चेन ज्या लांब पोलादी पट्टीवर फिरते तिला बार म्हणतात. ओंडका 28 इंच जाड आहे म्हणून 28 इंचाचा बार आणला तर फसाल. फळ्या पाडायची चौकट बारला दोन्ही टोकांना आवळावी लागते. त्यात सहाएक इंच जातात. म्हणून 28 इंचाच्या ओंडक्याला 36 इंचाचा बार हवा. बुंधा मुळाकडे फुगलेला असतो. माप तिथले घ्या, मधले नको.

ही चौकट म्हणजेच या कामाचा जीव. तिला अलास्कन मिल म्हणतात. अलास्का हा अमेरिकेचा उत्तरेकडचा जंगलाचा मुलूख आहे. चौकट साधी असते. दोन उभे दांडे आणि वर सपाट आडवे रूळ. रूळ आणि बार यांत जेवढे अंतर ठेवाल तेवढी जाड फळी निघते. दोन इंच ठेवा, दोन इंच निघेल. पहिल्या कापाला मात्र ओंडक्याची पाठ गोल असते, रूळ टेकायला जागा नसते. त्यासाठी सरळ फळी किंवा लोखंडी शिडी ओंडक्यावर पक्की बसवायची. तिच्यावरून चौकट सरकवायची. ही शिडी वाकडी बसली तर पहिला काप वाकडा, आणि पुढच्या सगळ्या फळ्या त्याच वळणाच्या. म्हणून शिडीखाली दोरी ताणून बघा. इथे अर्धा तास गेला तरी हरकत नाही.

दुकानातून मशीनबरोबर येणारी चेन आडवे तोडण्यासाठी असते. तिच्या दातांची धार सुमारे 30 अंश तिरपी असते. चिरण्याच्या चेनची धार साधारण 10 अंशच तिरपी ठेवतात. जवळजवळ सरळच म्हणा. त्याने फळीवर ओरखडे कमी येतात. अशी चेन तयार मिळते, किंवा चांगला कारागीर जुन्या चेनला गोल कानशीने तशी धार लावून देतो. चेन, बार आणि चेन फिरवणारे चक्र या तिघांचे माप एकच असले पाहिजे. दुकानात तिन्ही समोर ठेवून बसवून घ्या. चेन एक नको, तीन घ्या. पेट्रोलची टाकी संपली की धार बघायची. भुशाऐवजी नुसते पीठ पडू लागले की धार गेली.

धार लवकर जाण्याचे आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे माती. ओंडका ओढत आणला की सालीत तांबडी माती आणि खडे बसतात. आधी साल काढा, नाहीतर ब्रशने धुवा. दुसरे कारण खिळा. घराजवळच्या झाडात खिळे असतात, कपड्याच्या दोरीची तार असते. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार लाकडाच्या पोटात गेलेली असते. एका खिळ्याने सगळी चेन बोथट होते. घरातल्या जुन्या माणसाला विचारा. त्याला ठाऊक असते.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे ऑइल घालावे लागते. चांगल्या कंपनीच्या मशीनला तिचेच ऑइल वापरले तर बहुधा एक लिटरला 20 मिलिलिटर पुरते. स्वस्त मशिनांना 40 लागते. पुस्तिकेत बघा. नुसते पेट्रोल घातले तर इंजिन काही मिनिटांत संपते. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, आणि ते हवेतली ओल धरते. आपल्याकडच्या पावसात तर फारच. म्हणून काम झाल्यावर टाकी रिकामी करून ठेवा. चेनला वेगळे ऑइल लागते. गाडीचे जळके ऑइल तिथे घालू नका. लांब बारच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऑइल नीट पोचत नाही, तिथे ऑइलची छोटी टाकी वेगळी बसवतात. काप पुरा झाल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर हळू चालू ठेवावे म्हणजे निवते.

एक तोटा सांगितलाच पाहिजे. चेनची वाट रुंद असते. प्रत्येक कापात सुमारे 3/8 इंच लाकडाचा भुसा होतो. गिरणीच्या पट्ट्याच्या करवतीत त्याचा चौथा हिस्साही जात नाही. हिशेब करू. सोळा इंच उंचीचा चौकोनी ओंडका आहे. एक इंचाच्या फळ्या पाडायच्या आहेत. गिरणीत 14 फळ्या निघतील. चेनच्या मशीनवर 11. तीन फळ्या भुशात गेल्या! म्हणून या मशीनवर तुळया, वासे, चौकटीचे दांडे, दोन इंचाच्या फळ्या काढाव्यात. पातळ फळ्या हव्यात तर ओंडक्याचे जाड तुकडे करून खाली आणावेत आणि गिरणीत चिरून घ्यावेत.

एवढे सगळे एकट्याने विकत घ्यावे का? आम्हाला तसे वाटत नाही. एका घरी असे झाड वर्षात एखादे. चार-पाच वाड्यांनी मिळून घ्यावे, किंवा ज्याच्याकडे आहे त्याला दिवसाच्या मजुरीवर बोलवावे. पण दुसऱ्यांची लाकडे चिरून देण्याचा धंदा करायचा असेल तर आधी महाडच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारा. आरागिरणीला परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये याबद्दल कडक हुकूम दिलेला आहे. झाडालाही कायदा आहे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे येतात. झाड आपल्या जमिनीतले असले तरी तोडायला परवानगी लागते, आणि माल बाहेर न्यायला पास लागतो. वाऱ्याने पडलेल्या झाडाचा पंचनामा तलाठ्याकडून करून घ्या. फोटो काढून ठेवा. मगच मशीन लावा.

पडलेल्या झाडालाच लावा, बरं का. जुलै 2005 मध्ये दासगावावर दरड कोसळली. माणसे गेली, घरे गेली. घरांच्या वरच्या उतारावर उभी असलेली झाडे माती धरून ठेवतात. मशीन हातात आले की झाड पाडणे दहा मिनिटांचे काम होते, आणि भीती तीच आहे.

जिवाची काळजी घेण्यात काटकसर नको. कानांना मफ, डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट, मांड्यांवर चेन अडवणारे जाड कापड, एवढे हवेच. या आवाजाने हळूहळू बहिरेपण येते, आणि गेलेला कान परत येत नाही. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा तोडला की मुळांचा गड्डा मातीसह उलटा फिरून खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्याजवळ पोर उभे राहू देऊ नका. बारचे टोक कशाला लागले तर मशीन उसळून तोंडावर येते. चिरताना ओंडक्याचे एक टोक थोडे उंच ठेवा आणि वरून खाली या, म्हणजे मशीन स्वतःच्या वजनाने सरकते. मागे कापात पाचरी मारत चला, नाहीतर फळी बसून चेन अडकते. एकट्याने हे काम कधी करू नये.

आंब्याच्या लाकडाला वेळ नाही. ओले राहिले तर कीड लागते, बुरशीने काळे पडते. ते काही आठवड्यांतच चिरावे. फणस, साग थोडे थांबतात. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना रंग फासा, म्हणजे चिरा पडत नाहीत. फळ्या जमिनीवर टाकू नका. खाली दगड लावा. दर दोन फुटांवर एक इंचाच्या सुक्या पट्ट्या ठेवा. मग दुसरी फळी, मग पुन्हा पट्ट्या, आधीच्या पट्ट्यांच्या नेमक्या वर. माथ्यावर पत्रा ठेवून वर जड दगड ठेवा. बाजू मात्र उघड्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरावे. दोन इंचाची फळी दोन पावसाळे पत्र्याखाली काढील, मग सुताराला बोलवा.