प्रबंधाची परीक्षणार्थ सिद्धता : वाशीम जिल्ह्यातील भाषाविषयक संशोधनाच्या संदर्भात

पीएच. डी.चा प्रबंध लिहून पूर्ण होणे आणि तो परीक्षणासाठी सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीस संशोधकाचे स्वतःचे समाधान पुरते. दुसरीत मात्र, ज्याने ते संशोधन होत असताना पाहिलेले नाही अशा परक्या अभ्यासकाचे समाधान व्हावे लागते. वाशीम जिल्ह्याच्या बोलीवर अथवा कारंजा येथील हस्तलिखितांवर लिहिलेला प्रबंध ज्या बहिःस्थ परीक्षकांच्या हाती पडतो, त्यांनी रिसोड किंवा मानोरा तालुका कधी पाहिलेला असेलच असे नाही. संशोधकाने ज्या ओसरीवर बसून म्हाताऱ्यांचे बोलणे टिपून घेतले ती ओसरी त्यांच्यापुढे नसते. त्यांच्यापुढे केवळ लिहिलेले पान असते. यास्तव प्रबंधाची अखेरची सिद्धता म्हणजे भाषेची सफाई किंवा बांधणीचा थाट नव्हे. प्रत्येक विधानाचा पुरावा दुसऱ्याला तपासता येईल अशा अवस्थेत आणून ठेवणे, हे तिचे खरे स्वरूप होय.

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. तत्पूर्वी हा प्रदेश नागपूर विद्यापीठाकडे होता. प्रबंधाच्या किती प्रती द्याव्या, शुल्क किती, मुखपृष्ठावर काय असावे, हे विद्यापीठाच्या आदेशांवरून ठरते व ते तेथेच पाहावे. परीक्षणाचा मूळ सांगाडा मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी घातलेला आहे. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार प्रवेशाच्या दिनांकापासून किमान ३ व कमाल ६ वर्षांचा अवधी असतो. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना याखेरीज २ वर्षांची सवलत मिळू शकते. तथापि एकूण काळ १० वर्षांपलीकडे जात नाही. ज्यांची नोंदणी या दिनांकापूर्वीची आहे त्यांना २००९ किंवा २०१६ चे नियम लागू पडतात. २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे व परिषदांतून दोन निबंध वाचणे आवश्यक होते. २०२२ च्या नियमांत ती सक्ती उरलेली नाही. यामुळे एकाच मार्गदर्शकाच्या दोन विद्यार्थ्यांना भिन्न अटी लागू असू शकतात. सहाध्यायाच्या सांगण्यावर विसंबून राहण्याऐवजी स्वतःच्या नोंदणीचे पत्र काढून पाहणे इष्ट.

प्रबंध दाखल झाल्यावर त्याचे परीक्षण मार्गदर्शक आणि किमान दोन बहिःस्थ परीक्षक करतात. हे दोघे त्या विद्यापीठाच्या सेवेतील नसावेत असा दंडक आहे. दोघांनीही स्वीकृतीची शिफारस केली, तर त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या केल्यानंतर मौखिक परीक्षा होते. एकाने नकार दिल्यास प्रबंध मान्य यादीतील पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्यानेही नकार दिला तर प्रबंध फेटाळला जातो आणि संशोधक पदवीस अपात्र ठरतो. सहा-आठ वर्षांच्या श्रमाचा निकाल अशा रीतीने दोन-तीन अनोळखी वाचकांच्या अभिप्रायावर लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दाखल करण्यापूर्वीचे काही महिने किती मोलाचे असतात ते कळून येते.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठविणे म्हणजे संशोधन निकृष्ट ठरणे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन विद्यापीठाच्या डी. एससी. पदवीसाठी लिहिलेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध मार्च १९२३ मध्ये आहे त्या रूपात स्वीकारला गेला नाही. त्यांनी तो ऑगस्टमध्ये पुन्हा सादर केला, नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. भारतीय चलनाच्या इतिहासात ज्याचे स्थान आज निर्विवाद आहे त्या ग्रंथाची ही वाटचाल आहे. परंतु फेरसादरीकरणासाठी लागलेले ते पाच महिने आजच्या संशोधकाला मिळतीलच अशी खात्री नसते. दुरुस्तीची पहिली फेरी परीक्षकाकडून करवून घेण्याऐवजी ती दाखल करण्याच्या आधीच पार पाडणे हेच शहाणपणाचे.

आता पुराव्याकडे वळावे. वऱ्हाडी बोलीवरील प्रबंधात ‘वाशीम जिल्ह्यात मला ऐवजी मले, तुला ऐवजी तुले अशी रूपे आढळतात’ असे विधान असते. विधान खोटे नाही. परंतु परीक्षकाच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस हिंगोली, पूर्वेस यवतमाळ, पश्चिमेस बुलढाणा, उत्तरेस अकोला आणि ईशान्येस अमरावती असे जिल्हे लागून आहेत. त्यांपैकी हिंगोली मराठवाड्यात मोडतो. ‘मले’ हे रूप कोणत्या गावापर्यंत नित्य आहे, कोठे दोन्ही रूपे शेजारी नांदतात आणि ती कोणाच्या तोंडी, हे सांगितल्यावाचून बोलीची सीमा ठरत नाही. समजा, रिसोड तालुक्यातील एका गावी साठीच्या एका बाई सातत्याने ‘मला’ म्हणतात अशी नोंद आहे. त्यावरून सीमेचा निष्कर्ष काढण्याआधी त्यांचे माहेर कोठले, हे पाहणे प्राप्त आहे. त्या सेनगावकडून लग्न होऊन आलेल्या असतील तर ती नोंद गावाच्या बोलीची नसून त्यांच्या माहेरची असण्याचा संभव मोठा. माहेराचा रकाना नसलेली निवेदक-सूची बोलीभूगोलाच्या प्रबंधात कितीही सुबक टंकलेली असली तरी अपुरीच म्हटली पाहिजे.

म्हणून प्रत्येक उदाहरणाला निवेदकाचा संकेतांक, गाव, वय, शिक्षण, मातृगृह आणि ध्वनिमुद्रणाचा दिनांक जोडावा. निवेदकाचे नाव प्रबंधात देऊ नये. प्रबंध पुढे सर्वांना वाचावयास खुला होतो आणि गावात माणूस ओळखणे अवघड नसते. मुद्रण करण्यास त्यांनी दिलेली संमती मात्र लेखी अथवा ध्वनिमुद्रित रूपात संशोधकापाशी असावी. डोळा–डोया, फळ–फय यांसारखी उदाहरणे जुन्या पुस्तकातून घेतली की प्रत्यक्ष ऐकली, हेही स्पष्ट असावे. पुष्कळ प्रबंधांत पुस्तकातील उदाहरणे क्षेत्रकार्याच्या वेषात वावरताना दिसतात. मुरलेला परीक्षक ती पहिल्या वाचनातच ओळखतो, आणि एकदा ओळखल्यावर उरलेल्या प्रबंधावरील त्याचा विश्वास उडतो.

प्रदेशाच्या नावाचाही असाच एक सापळा आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सामग्री ज्या काळात गोळा झाली त्या काळी ‘बाशीम’ हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता आणि आज यवतमाळ जिल्ह्यात असलेले पुसद त्यात मोडत होते. १९०५ मध्येच तो जिल्हा मोडला व वाशीम अकोल्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी नवा वाशीम जिल्हा निर्माण झाला. तेव्हा जुन्या ‘बाशीम’ची तुलना आजच्या वाशीमशी करणारे, किंवा १९९८ पूर्वीच्या लेखनातील ‘अकोला जिल्हा’ आजच्या अकोल्याला चिकटविणारे कोष्टक मुळातच चुकते. नकाशाखाली वर्ष लिहिणे एवढाच याला उपाय आहे, परंतु तो क्वचितच योजलेला दिसतो.

हस्तलिखितांवरील प्रबंधाची गोष्ट थोडी निराळी. कारंजा येथील जैन भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांनी भाषाशास्त्राला केवढी देणगी दिली ते अभ्यासकांना ठाऊक आहे. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत संपादिले. त्यामागोमाग हीरालाल जैन यांनी संपादिलेली ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) व ‘करकंडचरिउ’ (१९३४) ही काव्ये प्रकाशात आली. अशा सामग्रीवर नव्याने लिहिणाऱ्याने ‘कारंजा प्रत’ एवढाच उल्लेख करून भागत नाही. भांडाराचे नाव, प्रतीचा क्रमांक, पत्राचा क्रमांक, त्याची पुढील की मागील बाजू, आणि ओळ ही सर्व माहिती पाठासोबत यावी. पुष्पिकेतील काल विक्रम संवतात असेल तर त्यातून ५७ किंवा ५६ वजा करून इसवी सन मिळतो, शकात असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. मूळ आकडा व रूपांतर दोन्ही छापावे. मुद्रित आवृत्तीतील पाठ घेऊन तो हस्तलिखितातून घेतल्यासारखा दाखविणे हा तर सरळसरळ अपराध होय.

यावरून वाङ्मयचौर्याचा विषय ओघानेच येतो. २०१८ च्या नियमांनी साम्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष तो सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, योग्य श्रेय देऊन केलेली अवतरणे आणि सामान्य ज्ञानाचे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य गणनेतून वगळले जाते. आता १० टक्के ही चोरीची मुभा आहे असा समज पसरला आहे, तो सर्वस्वी चुकीचा. शिवाय इंग्रजी वा हिंदी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून श्रेय न देता छापला तर संगणकीय तपासणीत साम्य बहुधा दिसत नाही. चोरी मात्र चोरीच राहते. मराठी प्रबंधाला मिळालेला शून्य टक्क्यांचा दाखला परीक्षकाला फारसे काही सांगत नाही, आणि संशोधकानेही त्यावर निश्चिंत होऊ नये.

हा दाखला फसवा ठरण्याचे दुसरे कारण लिपीत आहे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. तपासणी करणाऱ्या प्रणालीला त्यातला एकही मराठी शब्द वाचता येत नाही. म्हणून प्रबंध आरंभापासून युनिकोडमध्येच लिहावा. शेवटच्या आठवड्यात रूपांतर करू गेल्यास ‘वऱ्हाडी’चे ‘वर्हाडी’ होते, जोडाक्षरे तुटतात, आणि उच्चारदर्शक चिन्हांची तर दशाच होते. ध्वनीच्या सूक्ष्म भेदांवर उभ्या असलेल्या प्रबंधात एवढी हानी पुरेशी आहे.

टंकलेखन, समास, बांधणी यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. संशोधकाचे प्रतिज्ञापत्र व मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र यांवर दिनांक व स्वाक्षरी असल्याची खात्री करावी. शीर्षक नोंदणीच्या वेळी मान्य झालेल्या शीर्षकाशी अक्षरशः जुळावे, कारण एका विभक्तिप्रत्ययाच्या फरकानेही पत्रव्यवहार वाढतो. ऋणनिर्देश एका पानात आटोपावा. उपसंहारात मागील प्रकरणांचा गोषवारा पुन्हा देण्याची रूढी आहे. त्याऐवजी कोणता निष्कर्ष किती पुराव्यावर उभा आहे आणि कोठे सामग्री अपुरी पडली हे सांगितले तर परीक्षकाचे अर्धे प्रश्न तेथेच मिटतात.

दाखल करण्यापूर्वी संशोधन सल्लागार समितीपुढे करावयाचे निवेदन इतर अध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांनाही खुले असते. अनेक ठिकाणी ते चहापानासह उरकण्याचा उपचार होऊन बसले आहे. वस्तुतः त्या सभेत विषयाबाहेरील एखादा अध्यापक जे भाबडे प्रश्न विचारतो तेच पुढे परीक्षक विचारीत असतो. ते टिपून घेऊन त्यांची उत्तरे प्रबंधात घालण्यास आणखी काही आठवडे लागले तरी चालतील, मात्र ६ वर्षांची मुदत संपण्याच्या तोंडावर ही सभा ठेवली तर तेवढा अवकाशच उरत नाही. मुदतीपूर्वी निदान अर्ध्या वर्षाच्या अंतराने ती व्हावी.

दाखल झाल्यापासून परीक्षणाची सर्व प्रक्रिया ६ महिन्यांत संपावी अशी नियमात अपेक्षा आहे. मौखिक परीक्षेस मार्गदर्शक व बहिःस्थ परीक्षकांपैकी निदान एक उपस्थित असतो. ती दूरस्थ पद्धतीनेही घेता येते. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची संगणकीय प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे जाते व शोधगंगा भांडारात सर्वांना वाचावयास मिळते. तोवर क्षेत्रकार्याच्या वह्या, निवेदकांची सूची, संमतिपत्रे व मूळ ध्वनिमुद्रणे यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्या, आणि मौखिक परीक्षेच्या दिवशी त्यांतील एक संच हाताशी असावा. ‘हे रूप कोणी, कोठे उच्चारले?’ असे परीक्षकाने विचारले तर पानाचा क्रमांक सांगण्यापेक्षा ते मुद्रण ऐकविणे केव्हाही सोपे.