छायाचित्रावरून वन्यप्राण्यांचे मोजमाप

जंगलात प्राणी किती आहेत, हे कळल्याखेरीज त्यांच्या संरक्षणाची योजना आखता येत नाही. पूर्वी ही गणना मुख्यतः पावलांचे ठसे आणि पाणवठ्यांवरील निरीक्षण यांवर अवलंबून असे. आता हे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित कॅमेऱ्यांकडे आले आहे. झाडाच्या खोडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून प्राणी गेला की, त्याच्या शरीराची उष्णता व हालचाल टिपली जाऊन छायाचित्र आपोआप घेतले जाते. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले व ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली.

चित्र म्हणजे माप नव्हे

तथापि, केवळ छायाचित्रावरून प्राण्याचा आकार कळत नाही. जवळचे मांजर आणि दूरचा बिबट्या चित्रात सारख्याच उंचीचे दिसू शकतात. आकार आणि अंतर यांपैकी एक गोष्ट निश्चित झाली, तरच दुसरी काढता येते. यासाठी कॅमेरा बसवितानाच एक मीटर उंचीची काठी त्याच्यासमोर पाच, दहा, पंधरा मीटर अशा अंतरांवर उभी करून छायाचित्रे घेतली जातात. पुढे प्राण्याचे पाय जमिनीवर जेथे टेकलेले दिसतात, त्या जागेची या चित्रांशी तुलना करून अंतर ठरविले जाते.

समजा, पाच मीटरवरील काठी चित्रात २०० बिंदू उंच दिसते. दहा मीटरवर ती निम्मी, म्हणजे १०० बिंदू दिसेल. दहा मीटरवरील प्राण्याची खांद्यापर्यंतची उंची ६५ बिंदू भरली, तर ती प्रत्यक्षात ६५ सेंटिमीटर होय. ही उंची पूर्ण वाढलेल्या बिबट्याची असू शकते. परंतु तोच प्राणी चार मीटरवर असेल, तर त्याची उंची अवघी २६ सेंटिमीटर, म्हणजे मांजराएवढी ठरते. गावाशेजारच्या एखाद्या अस्पष्ट चित्रावरून भीती पसरते, रात्रीचे पाणी देणे थांबते, पिंजऱ्याची मागणी होते. अशा वेळी हा साधा त्रैराशिकाचा हिशेब मोलाचा ठरतो.

अंतरावरून संख्या

वाघ त्याच्या पट्ट्यांवरून ओळखता येतो. सांबर, नीलगाय, रानडुक्कर यांची तशी ओळख पटत नाही. एकच सांबर दहा वेळा आले की दहा सांबरे एकेकदा आली, हे चित्र सांगत नाही. त्यावर अंतरमापन हा एक उपाय आहे. कॅमेऱ्याजवळचे प्राणी बहुधा टिपले जातात, दूरचे पुष्कळसे निसटतात. नोंदलेल्या अंतरांवरून निसटलेल्यांचे प्रमाण काढता येते. मग ठरावीक क्षणांना, ज्ञात क्षेत्रात सरासरी किती प्राणी होते, याचा हिशेब करून घनता ठरविली जाते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशाच्या ताई राष्ट्रीय उद्यानात डायकर या लहान कुरंगांवर ही पद्धत वापरण्यात आली व २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आता चित्रातील अंतर संगणकाकडूनही काढून घेता येते.

या मोजमापाला मर्यादा आहेत. जमीन उताराची असेल, प्राणी तिरका उभा असेल किंवा गवत वाढून पाय झाकले असतील, तर अंदाज चुकतो. कॅमेरा थोडासा जरी हलला, तरी आधी घेतलेली खुणेची चित्रे निरुपयोगी ठरतात.

ग्रामस्थांचा वाटा

म्हणूनच वनक्षेत्रात जाणाऱ्या गुराख्यांनी व वनोपज गोळा करणाऱ्यांनी कॅमेऱ्याला हात लावू नये, हे पंचायत सदस्यांनी समजावून सांगणे अगत्याचे आहे. शिक्षकांना एक काठी, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या साहित्यावर हा प्रयोग शाळेच्या मैदानावर करून दाखविता येईल. गावात एखादे चित्र हाती आल्यास ते कोठून, किती उंचीवरून घेतले याची नोंद ठेवून आणि ती जागा न बदलता वनरक्षकास कळवावे. त्याच जागी काठी उभी करून पाहिली, म्हणजे भीतीपोटी घेतलेल्या निर्णयाऐवजी मोजून घेतलेला निर्णय शक्य होईल.