हृदयाच्या झडपांवरील गाठी

हृदयात गाठ आहे असे ऐकताच रुग्णाचे आप्त ती कर्करोगाचीच समजतात. वस्तुतः हृदयातच उद्भवणारी अर्बुदे अत्यंत विरळ असून त्यांतील बहुसंख्य कर्करोगाची नसतात.

हृदयाच्या चार झडपा रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. हे काम त्यांना दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा करावे लागते. मिक्सोमा ही मऊ गाठ बहुधा डाव्या कर्णिकेत देठाने लोंबते आणि द्विदल झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडविते. रुग्णास दम लागतो, घेरी येते. झडप अरुंद झाल्याचीच ही लक्षणे वाटावीत! १९५४ मध्ये स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अशी गाठ यशस्वीरीत्या काढली. प्रत्यक्ष झडपेवर उगवणारे फायब्रोइलॅस्टोमा हे अर्बुद मात्र बहुधा सेंटिमीटरभराचेच असते. पण त्याचा तुकडा सुटून मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होऊ शकतो.

आपल्याकडे अधिक काळजी करावयाची ती जंतुसंसर्गाने होणाऱ्या गाठींची. ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या, जन्मजात सदोष किंवा कृत्रिम झडपेवर रक्तातील जंतू चिकटतात. किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या हे त्यांचे एक प्रवेशद्वार होय. जंतूंभोवती रक्तातील घटकांचे थर साचून गाठ बनते व झडप पोखरली जाते. कित्येक आठवडे रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी दोन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, परंतु रोग जात नाही. उलट पुढे रक्ताची जंतुतपासणी केली असता जंतू सापडेनासे होतात. म्हणून झडपेचा विकार असलेल्या रुग्णाने तापात प्रथम तो विकार डॉक्टरांना सांगावा आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी तपासणीसाठी रक्त द्यावे. इकोकार्डिओग्राफीने गाठ दिसू शकते. ती कशाची, हे बहुधा रक्त सांगते. उपचार सामान्यतः चार ते सहा आठवडे शिरेतून चालतात, काहींना शस्त्रक्रियाही लागते.

ऱ्हुमॅटिक तापाचा आरंभ बहुधा ५ ते १५ वर्षांच्या वयात, घसादुखीनंतर होतो. वर्गातील एखाद्या मुलाचे सांधे घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुजू लागले, तर शिक्षकांनी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. निदान झाल्यास पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल बरे दिसू लागले म्हणून ते थांबवावयाचे नसते.