जुन्या चित्रफिती संगणकांत उतरवितांना

शिरूर किंवा दौंड येथील एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबाचें कपाट उघडावें, तों जन्मपत्रिका, चांदीचीं भांडीं व जपून ठेवलेले शालू यांच्या शेजारीं पांच-दहा व्हिडिओ कॅसेटी बहुधा सांपडतात. कोणावर ‘मुंज’, कोणावर ‘लग्न, भाग दुसरा’ असें शाईनें लिहिलेलें असतें. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलें, आणि पुढील वीस वर्षांत मंगलकार्याची चित्रफीत काढून घेण्याची चाल तालुक्याच्या गांवींही रूढ झाली. त्या फितींत जे आजोबा मंगलाष्टकें म्हणतात, ज्या आत्याबाई पंगतींत आग्रह करितात, त्यांपैकीं पुष्कळ मंडळी आज हयात नाहींत. त्यांचीं छायाचित्रें भिंतीवर आहेत. पण त्यांचा आवाज त्या फितीवांचून दुसरीकडे कोठेंही नाहीं.

ही ठेव मात्र अक्षय्य नव्हे. फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर गंजासारख्या बारीक लोहचूर्णाचा दिलेला लेप. चित्र त्या लेपांतील चुंबकत्वाच्या रूपानें असतें. काळ जाईल तसें तें क्षीण होतें, लेप सुटूं लागतो आणि ओल लागल्यास पांढरी बुरशी चढते. शिरूर-दौंडचा मुलूख पर्जन्यछायेंतला. म्हणून कोंकणापेक्षां येथें बुरशीचें भय कमी, धुळीचें मात्र अधिक. दुसरी अडचण यंत्राची. ही व्हीएचएस पद्धत जपानांतील जेव्हीसी कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणली, आणि तिचीं यंत्रें करणारी शेवटची कंपनी फुनाई हिनें २०१६ सालीं तें काम बंद केलें. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें; तरीही २००३ च्या जानेवारींत तेथील कोठारास लागलेल्या आगींत नायट्रेट पट्टीवरील कित्येक जुने चित्रपट भस्मसात् झाले. जेथें सरकारी कोठारही निर्भय नाहीं, तेथें आपल्या लाकडी कपाटाचा भरंवसा किती धरावा? फितींतील चित्र संगणकांत उतरवून ठेवणें हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं.

सामग्री थोडीच लागते. फीत चालविणारा व्हीसीआर. त्यांतून निघणाऱ्या तारा, पिवळी चित्राची आणि पांढरी व तांबडी आवाजाची. त्यांतील संकेताचे अंक करून देणारी यूएसबीची लहानशी डबी. आणि घरचा संगणक. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु घरोघरचा अनुभव असा, कीं चित्र आलें तर आवाज येत नाहीं, दोन्ही आलीं तर रंग येत नाहीं, आणि सर्व जमलें तर मध्येंच वीज जाते. मग कोणी तार बदलतो, कोणी नवी डबी मागवितो. आणि या गडबडींत जीर्ण फीत मात्र पुनःपुनः फिरवून झिजविली जाते.

आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें; यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीति येथें तंतोतंत लागू पडते, हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे. जें असतां दोष दिसतो व जें काढतां दोष जातो, तें त्याचें कारण. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष जाईलही. पण कशानें गेला हें कळणार नाहीं, आणि तो परत आला म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. आधीं एखादी टाकाऊ फीत लावून यंत्र पारखावें, म्हणजे यंत्रानें फीत खाल्ली तरी घरची मुंज वांचते. मग घरची फीत लावून व्हीसीआर संगणकास न जोडतां थेट दूरदर्शन-संचास जोडावा. तेथें चित्र व आवाज स्वच्छ असतील, तर फीत, यंत्र आणि तारा निर्दोष ठरल्या. दोष पुढें आहे. तेथेंही चित्र फाटत असेल, तर संगणकाशीं झटापट करण्यांत अर्थ नाहीं.

यंत्राकडे दोष ठरल्यास प्रथम ट्रॅकिंगचें बटण फिरवून पाहावें. तरीही चित्रावर पांढरे ठिपके पडत असतील, तर आंतील चित्र वाचणारा ढोल मळला असावा. हा ढोल मिनिटास १५०० फेरे घेतो. त्यावर धुळीचा कणही जड जातो. वीज काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ओलावलेला तंतू न सुटणारा स्वच्छ कागद ढोलास हलका टेकवून धरावा आणि ढोल हातानें फिरवावा. कागद वर-खालीं कधींही घासूं नये, आणि कापूस तर मुळींच वापरूं नये. बुरशी चढलेली फीत यंत्रांत घालूं नये. ती जाणत्याकडेच द्यावी. तिची बुरशी यंत्रास लागते व तेथून पुढील प्रत्येक फितीस.

आतां दोष पुढें असल्याचीं उदाहरणें पाहूं. दौंडच्या एका घरीं लग्नाचें चित्र संगणकावर काळें-पांढरें व थरथरतें येई. शालूचा रंग उडाला, असें म्हणून मंडळी हळहळत होती. तीच फीत दूरदर्शन-संचावर लावतांच शालू हिरवाचा हिरवा! आपल्याकडील पद्धत ‘पाल’. तींत चित्राच्या ६२५ ओळी व सेकंदास २५ चित्रें. अमेरिकेची ‘एनटीएससी’; तींत ५२५ ओळी व सुमारें ३० चित्रें. संगणकांतील प्रोग्राम अमेरिकन पद्धतीवर ठेवलेला होता. ती एक निवड बदलतांच रंग परतले. उलट, मुलानें अमेरिकेहून पाठविलेली फीत असेल, तर निवड तिकडची हवी आणि व्हीसीआरही दोन्ही पद्धती जाणणारा हवा.

शिरूरच्या एका घरीं चित्र उत्तम, पण आवाज शून्य. तारा तीनदां बदलून झाल्या होत्या. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली नसेल, तर डबींतून येणारा आवाजही अडविला जातो. ती परवानगी देतांच आजोबांचा स्वर ऐकूं आला. पण त्यामागें सततचा गुणगुणाटही आला. लॅपटॉपचा चार्जर काढला असतां गुणगुण थांबली, लावला असतां पुन्हा सुरू झाली. अन्वय व व्यतिरेक दोन्ही साधले. पुढचें सर्व काम बॅटरीवर उरकलें.

कित्येकदां ध्वनिचित्राची नोंद सुमारें वीस मिनिटांनीं आपोआप थांबते. डीव्ही पद्धतीनें तासास सुमारें १३ जीबी जागा लागते, आणि फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाहीं; म्हणून नोंद संगणकाच्या आंतील डिस्कवरच करावी. दुसरा दोष अधिक चमत्कारिक: आरंभीं ओठ व शब्द जुळतात, पण तासाअखेर भटजींचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकूं येतात. झिजलेल्या फितीचा संकेत डळमळतो, कांहीं चित्रें गळतात, आणि आवाज मागें राहतो. किती चित्रें गळलीं हा आंकडा बहुतेक प्रोग्राम दाखवितात; त्यावर दृष्टि ठेवावी. इतर प्रोग्राम बंद करावे, डबी थेट संगणकास लावावी, आणि जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाल्यास संकेत त्यांतून नेऊन पाहावा. कित्येक रेकॉर्डर तो स्थिर करितात.

दोन गोष्टी मात्र दोष नव्हेत. चित्राच्या अगदीं तळाशीं दिसणारी वेडीवांकडी पट्टी प्रत्येक फितींत असतेच. जुने संच तिला चौकटीमागें झांकीत. तसेंच हालत्या हाताच्या कडेस फणीसारख्या रेघा दिसतात, त्या चित्र एकाआड एक ओळींनीं रचलेलें असल्यामुळें. मूळ नोंद तशीच ठेवावी. रेघा पाहण्याच्या प्रतींत काढतां येतात.

उतरविलेल्या नोंदीच्या दोन प्रती कराव्या, त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि मूळ फीत टाकूं नये. फीत चालू असतां मात्र घरांतील वडील मंडळींस जवळ बसवावें व पंगतींतील चेहऱ्यांचीं नांवें एका वहींत लिहून घ्यावीं. यंत्र शोधल्यास मिळेल, डबी विकत मिळेल. तीं नांवें सांगणारें माणूस मात्र आजच घरांत आहे. म्हणून येत्या सुटींत निदान एक फीत तरी प्रत्येक घरीं लागावी, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.