यंत्र जाऊन आज्ञावली आली, तेव्हा

भ्रमणध्वनीवरून संपर्क साधताना ग्राहक खरा आहे का, त्याची शिल्लक किती, तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे क्षणार्धात मिळवावी लागतात. पूर्वी यातील प्रत्येक कामासाठी दूरसंचार केंद्रात स्वतंत्र यंत्र असे. यंत्र आणि त्यातील आज्ञावली एकाच उत्पादकाची, एकमेकांपासून वेगळी न होणारी. नवी सेवा म्हणजे नवे यंत्र, त्यासाठी जागा, वीज आणि ते जाणणारा तंत्रज्ञ. खर्च वसूल होण्याआधीच ते कालबाह्य ठरण्याची धास्ती वेगळीच.

ऑक्टोबर 2012 मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील परिषदेत एटी अँड टी, बीटी, डॉइश टेलिकॉम, चायना मोबाईल आदी 13 कंपन्यांनी संयुक्त निवेदन मांडले. यंत्रांची कामे आज्ञावलीत उतरवावीत आणि ती बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्व्हरवर चालवावीत, हा त्याचा गाभा. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे नांदू शकतात. गर्दी वाढली की त्याच कामाच्या आणखी प्रती सुरू करता येतात, ओसरली की बंद. जपानच्या राकुतेन मोबाईलने तर एप्रिल 2020 मध्ये प्रारंभापासूनच अशा पायावर व्यावसायिक सेवा सुरू केली. जुनी यंत्रे सांभाळण्याचे ओझे तिच्यावर नव्हते, हेही खरे.

मात्र काम आज्ञावलीकडे गेले की दोषही आज्ञावलीच्या वेगाने पसरतो. 6 डिसेंबर 2018 रोजी ब्रिटनमधील ओ2 आणि जपानमधील सॉफ्टबँक या दोन्हींची सेवा एकाच दिवशी कोलमडली. एरिक्सनने पुरवलेल्या आज्ञावलीतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच निमित्त! टॉवर जागेवर होते, यंत्रे धडधाकट होती. कोट्यवधी ग्राहकांचे इंटरनेट मात्र बंद.

दुसरी अडचण जबाबदारीची आहे. पूर्वी बिघाड झाल्यास एका उत्पादकाला जाब विचारता येई. आता सर्व्हर एकाचा, आभासी थर दुसऱ्याचा, प्रत्यक्ष कामाची आज्ञावली तिसऱ्याची. दोष नेमका कोणाचा, हे शोधण्याचे काम बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्याच अभियंत्यांवर येते. शिवाय साधा सर्व्हर प्रत्येक कामाला पुरत नाही. माहितीचा प्रचंड ओघ हाताळताना वेग टिकवण्यासाठी अनेक ठिकाणी त्याला खास चिपची जोड द्यावी लागते. अँटेना आणि प्रकाशीय तंतूंची केबल यांना तर आभासी पर्यायच नाही. त्यामुळे टॉवरवर चढणाऱ्या तंत्रज्ञाचे काम अबाधित आहे.